हवानाच्या पानाची सोयरीक

मे 1896 मध्ये क्युबातल्या स्पॅनिश गव्हर्नरने, जनरल वालेरियानो वेलेरने, एक फर्मान काढलं. बेटावर स्पेनविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटलं होतं आणि बंडखोरांना पैसा समुद्रापलीकडून, अमेरिकेतल्या फ्लोरिडामधून पोचत होता. तिथल्या टँपा शहरातले क्युबन सिगार कामगार आपल्या मजुरीतला वाटा नियमितपणे क्रांतीच्या फंडात टाकत. त्यांना वठणीवर आणायला वेलेरने फौज पाठवली नाही, तंबाखू अडवली. पिनार देल रिओ आणि हवाना प्रांतातलं तंबाखूचं पान यापुढे अमेरिकेला जाणार नाही, असा हुकूम सुटला. तो अमलात यायला थोडे दिवस होते. तेवढ्या मुदतीत हेन्री प्लांट या रेल्वे-जहाज कंपनीच्या मालकाने आपल्या बोटी हवानाला धाडल्या. ‘ऑलिव्हेट’ आणि ‘मॅस्कॉट’ या बोटींनी जमतील तितक्या गाठी उचलल्या. प्रवाशांच्या खोल्यांतसुद्धा तंबाखू ठासून भरली होती, असं सांगतात.

एवढी घाई कशासाठी? तंबाखू काही फक्त क्युबातच पिकत नव्हती. कनेक्टिकट आणि पेनसिल्व्हेनियात ती एकरच्या एकर उभी होती. पण टँपाच्या कारखान्यांचा सगळा लौकिक ‘क्लिअर हवाना’ या दोन शब्दांवर उभा होता. या सिगारमध्ये आतबाहेर केवळ क्युबाचं पान असे, फक्त वळणारे हात अमेरिकेत बसलेले असत. या व्यवस्थेमागे जकातीचं साधं गणित होतं. तयार सिगारवर अमेरिका भरमसाट जकात घेई, कच्च्या पानावर त्या मानाने कमी. मग सिगार आणण्यापेक्षा पान आणावं आणि इथेच वळावं, हे शहाणपण विसेंते मार्तीनेस ईबोर या कारखानदारालाही सुचलं. क्युबातल्या धामधुमीमुळे 1869 मध्ये तो की वेस्टला आला होता. 1885 मध्ये त्याने टँपाजवळ जमीन घेतली आणि त्याच्या नावाची ‘ईबोर सिटी’ वसली.

क्लिअर हवाना ही श्रीमंती चैन होती. सामान्य अमेरिकन गिऱ्हाईक जे ओढत असे, त्याला व्यापारात ‘सीड अँड हवाना’ म्हणत. म्हणजे अमेरिकेत पिकलेलं पान आणि त्यात चवीपुरती हवानाची भर. आज क्युबाच्या सिगारभोवती जे सोवळं दिसतं, ते पाहता हे विचित्र वाटेल. पण एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पहिल्या साठ वर्षांत क्युबाचं पान परक्या पानांबरोबर सर्रास नांदत होतं. ही सोयरीक मोडली ती राजकारणाने. चवीचा त्यात काही संबंध नव्हता.

*

सिगार उभी चिरली तर तिचे तीन थर दिसतात. मध्ये गाभा, म्हणजे ‘फिलर’. तो जागच्या जागी धरून ठेवणारं बांधणीचं पान, म्हणजे ‘बाइंडर’. आणि सर्वांत बाहेर डोळ्यांना दिसणारं, शिरा बारीक असलेलं, देखणं पान, म्हणजे ‘रॅपर’. तिन्ही थर एकाच देशाचे असतील तर त्या सिगारला स्पॅनिशमध्ये ‘पुरो’ म्हणतात. क्युबातून निर्यात होणाऱ्या हाताने वळलेल्या सिगार पुरोच असतात.

मात्र पुरो म्हणजे मिश्रण नाही, असं समजायचं कारण नाही. क्युबन सिगारच्या गाभ्यातही निदान तीन तऱ्हांची पानं असतात आणि ती एकाच झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरून येतात. तळाकडचं पान ‘व्होलादो’. ते पातळ आणि चवीला मवाळ असतं, पण चांगलं जळतं. मधल्या पानाला ‘सेको’ म्हणतात, सुगंध त्याच्यात असतो. शेंड्याकडच्या पानाला ऊन सर्वाधिक मिळतं. ते जाड, तेलकट आणि कडक असतं, त्याचं नाव ‘लिहेरो’. पानं तोडायची ती बुंध्यापासून वर, टप्प्याटप्प्याने. मग ती वाळवणघरात काठ्यांवर टांगतात, नंतर ढीग रचून मुरवतात. ढिगाच्या पोटात ऊब धरते, अमोनिया निघून जातो आणि पानाचा उग्रपणा उतरतो. ढीग मधूनमधून उलथा करावा लागतो, नाहीतर पान करपतं.

सिगार वळणारा कारागीर, तोर्सेदोर, लाकडी फळीसमोर बसतो. त्याच्याजवळ चावेता नावाचं चपटं, मुठीशिवायचं पातं असतं. तो डाव्या तळहातावर सेको आणि व्होलादोची पानं चुणीदार दुमडत रचतो आणि लिहेरो बरोबर मध्यभागी ठेवतो. कारण लिहेरो सावकाश जळतं. ते कडेला गेलं तर सिगार एका बाजूने पेटत जाते आणि दुसरी बाजू तशीच राहते. दुमडलेल्या पानांमध्ये हवेला वाट राहायला हवी. मूठ जास्त आवळली तर ओढताना गाल बसतात, सैल सोडली तर धूर गरम होतो. मग बांधणीचं पान गुंडाळून ती जुडी लाकडी साच्यात दाबायची आणि शेवटी वरचं पान तिरकं ताणत चढवायचं. टोकाची टोपी वनस्पतीच्या डिंकाचा ठिपका लावून बसवली की काम झालं.

वळणाऱ्याच्या पुढ्यात येणारं हे प्रमाण आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. कारखान्यात मिश्रण ठरवणारा माणूस प्रत्येक शेताचं, प्रत्येक हंगामाचं पान आधी एकेकटं वळून ओढून पाहतो. एखाद्या वर्षी पाऊस जास्त झाला की लिहेरो मवाळ निघतं, मग त्याचं माप वाढवावं लागतं. गिऱ्हाइकाला डब्यातली चव दरवर्षी तीच हवी असते आणि शेत ती तशी कधीच देत नाही. ही अडचण सिगारपुरती नाही. आपल्याकडे विडीचे कारखानदारही निपाणीकडची आणि गुजरातची तंबाखू मिसळूनच आपली चव धरून ठेवत आले.

देश वाढले की मिश्रण करणाऱ्याच्या हाती पर्यायही वाढतात. निकाराग्वातल्या एस्तेलीच्या काळ्या मातीतलं पान जोरकस आणि मिरमिरीत असतं. त्याच देशातल्या हालापा खोऱ्याचं पान गोडसर असतं. मेक्सिकोतल्या सान आंद्रेसचं पान काळपट आणि मातकट वासाचं, ब्राझीलमधल्या बाहियाचं ‘माता फिना’ गडद आणि गोडवा असलेलं. कॅमेरूनचं पान पातळ, त्याला हात लावला तर बारीक पुरळासारखे दाणे लागतात. इक्वेडोरमध्ये आकाश बहुतेक वेळ ढगाळ असतं, त्यामुळे सावलीसाठी कापड न ताणताही वरचं पान नितळ निघतं. क्युबाच्या व्हुएल्ता आबाहो भागातलं पान नावाजलं जातं ते सुगंधाच्या खोलीसाठी. तांबूस, भुसभुशीत मातीचा हा पट्टा बेटाच्या पश्चिम टोकाला आहे आणि सान लुईस, सान हुआन इ मार्तीनेस ही तिथली नामांकित गावं. याच पट्ट्यात गाभा, बांधणी आणि वेष्टन अशी तिन्ही कामांची पानं पिकतात. असं भाग्य फार थोड्या मुलखांना लाभलं आहे.

*

युरोपने मात्र पुरोचा हट्ट कधीच धरला नाही. 1863 मध्ये याकोब निनहौस हा डच व्यापारी सुमात्राच्या देली भागात उतरला आणि तिथल्या तंबाखूने अॅमस्टरडॅमच्या बाजारात खळबळ उडवली. सुमात्राचं पान इतकं पातळ आणि गुळगुळीत, की वेष्टनासाठी त्याला तोड नव्हती. डच, जर्मन आणि स्विस कारखानदारांनी त्यातून आपली पद्धत बसवली. वर सुमात्रा, बांधणीला जावा आणि गाभ्यात जावा, ब्राझील व थोडं हवाना. हवानाचं काम तिथे एकच, वास आणणं. या सिगार लहान आणि कोरड्या असत. त्यांना ओलसर लाकडी पेटीत जपावं लागत नसे. युरोपातल्या छोट्या सिगारमध्ये क्युबाचं पान घालायला पुढेही कायद्याची आडकाठी आली नाही.

सुमात्राच्या धसक्याने अमेरिकन शेतकरीही हलला. 1900 च्या सुमारास कनेक्टिकट खोऱ्यात शेतांवर पांढऱ्या कापडाचे मांडव उभे राहिले. सुमात्राचं बी लावायचं आणि कापडाखाली उष्ण कटिबंधासारखी दमट सावली तयार करायची, हा तो प्रयोग. त्यातून ‘कनेक्टिकट शेड’ हे फिकट, रेशमी पान जन्मलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हवानाचा गाभा आणि कनेक्टिकटचं वेष्टन ही जोडी अमेरिकेत घरोघरी चालत होती.

*

1959 मध्ये क्युबात क्रांती झाली. 15 सप्टेंबर 1960 रोजी कास्त्रो सरकारने सिगारचे कारखाने ताब्यात घेतले. ‘मॉन्तेक्रिस्तो’ आणि ‘एच. उपमन’चे मालक असलेलं मेनेन्देस कुटुंब आणि ‘पार्तागास’चे रामोन सिफुएन्तेस अशी मोठी माणसं देश सोडून गेली. नावं, यंत्रं, गोदामं मागे राहिली. मिश्रणाचं ज्ञान मात्र त्यांच्या डोक्यात होतं आणि ते जप्त करता येत नव्हतं.

त्यानंतर आला क्युबाशी व्यापारावरचा अमेरिकेचा निर्बंध. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी 3 फेब्रुवारी 1962 रोजी त्यावर सही केली आणि 7 तारखेपासून तो लागू झाला. केनेडींचे प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांनी तीस वर्षांनी, 1992 मध्ये, एक किस्सा लिहिला. सहीच्या आदल्या संध्याकाळी केनेडींनी त्यांना हजारभर ‘पेती उपमन’ सिगार मिळवायला सांगितलं. सॅलिंजर यांनी बाराशे जमवल्या. दुसऱ्या सकाळी तो आकडा ऐकल्यावरच अध्यक्षांनी टेबलाच्या खणातून कागद काढला आणि सही ठोकली. केनेडींचे सल्लागार रिचर्ड गुडविन यांनी वेगळा तपशील सांगितला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सिगारना निर्बंधातून वगळण्याचा विचार झाला होता, पण टँपाच्या कारखानदारांनी त्याला विरोध केला. तयार क्युबन सिगार आत आली तर आपलं काय, ही त्यांची धास्ती होती.

तयार सिगार अडली, पण तिच्याबरोबर पानही अडलं. जे. सी. न्यूमन यांची सिगार कंपनी क्लीव्हलंडहून टँपाला हलली होती ती 1950 च्या दशकात, क्युबाच्या तंबाखूजवळ राहता यावं म्हणूनच. जेमतेम काही वर्षांत तो हेतू संपला. वखारींत निर्बंधापूर्वी आलेल्या गाठी तेवढ्या उरल्या. त्या वापरणं कायदेशीर होतं, म्हणून कारखानदार त्या पुरवून पुरवून वापरत राहिले. अशा जुन्या पानाचा अंश असलेल्या मर्यादित सिगार नंतरही कधीमधी बाजारात येत असत आणि त्यांची किंमत ‘निर्बंधापूर्वीचं’ या एका शब्दावर ठरे.

कायद्याची भाषाही नेमकी होती. क्युबात पिकलेल्या वा बनलेल्या वस्तूपासून पूर्णतः किंवा अंशतः तयार झालेला कुठलाही माल अमेरिकेत बाद. मग तो हॉलंडमध्ये बनलेला असो की स्वित्झर्लंडमध्ये. गाभ्यात क्युबाच्या पानाचा एक तुकडा असला, तरी अख्खी सिगार बेकायदा. जगातली सर्वांत मोठी सिगारपेठ हातची घालवायची नसेल, तर क्युबाच्या पानाला मिश्रणातून काढणं भाग होतं.

*

देश सोडून गेलेल्या कारागिरांनी ही पोकळी भरून काढली. त्यांच्यापैकी अनेकांजवळ क्युबाचं बियाणं होतं. निकाराग्वा, होंडुरास, डॉमिनिकन रिपब्लिक, इक्वेडोर अशा मुलखांत ते रुजलं. बी तेच असलं तरी माती आणि ऊन बदललं की पान बदलतं, हे पहिल्या काही हंगामांतच कळून चुकलं. हवानाची नक्कल करण्याऐवजी मग हवानाची कामं वाटून दिली गेली. जोर एका मुलखातून, सुगंध दुसऱ्यातून, वेष्टन तिसऱ्यातून.

मेनेन्देस कुटुंबाने कॅनरी बेटांवर ‘मॉन्तेक्रूस’ सुरू केली आणि तिला कॅमेरूनचं वेष्टन चढवलं. सिफुएन्तेस यांनी जनरल सिगार या अमेरिकन कंपनीबरोबर ‘पार्तागास’ पुन्हा उभी केली, तिच्यावरही कॅमेरूनचंच पान होतं. याच कंपनीच्या ‘मकानुदो’ची जडणघडण पाहिली तर कामाची वाटणी स्पष्ट दिसते. वर कनेक्टिकट शेड, बांधणीला मेक्सिकोचं सान आंद्रेस, गाभ्यात मुख्यतः डॉमिनिकन पान. तीन देश आणि क्युबाचा मागमूस नाही. सौम्य चवीच्या या सिगारने अमेरिकेत प्रचंड खप मिळवला.

होसे ओरलांदो पाद्रोन यांची वाट निराळी होती. पिनार देल रिओच्या तंबाखू घराण्यातला हा माणूस मायामीत आला, सुतारकी करून सहाशे डॉलर साठवले आणि 1964 मध्ये स्वतःचा कारखाना काढला. 1970 मध्ये त्यांनी बिऱ्हाड निकाराग्वात हलवलं. तिथे 1978 च्या राजकीय धामधुमीत कारखान्याला आग लागली. 1985 ते 1990 या काळात अमेरिकेने निकाराग्वावरही निर्बंध घातला. तरीही त्यांनी ती जागा आणि ते पान सोडलं नाही. 1994 मध्ये आलेली त्यांची ‘1964 अॅनिव्हर्सरी’ मालिका केवळ निकाराग्वाच्या पानांची आहे. कारखानदार कार्लोस फुएन्ते यांनी तर डॉमिनिकन भूमीत वेष्टनाचं पान पिकत नाही, हा समज खोडायचं ठरवलं. 1995 मध्ये त्यांनी ‘ओपसएक्स’ आणली, ती संपूर्ण डॉमिनिकन. म्हणजे ज्यांनी क्युबाविना मिश्रण शिकून घेतलं, त्यांच्यातलेच काहीजण पुढे आपापल्या नव्या मुलखाचे पुरो करू लागले.

दरम्यान खुद्द क्युबाच्या बाजूनेही एक मोठं नाव निसटलं. सिगार व्यापारी झिनो डेव्हिडॉफ यांच्या सिगार 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून हवानात बनत. 1989 मध्ये त्यांनी दर्जा घसरल्याची तक्रार करत लाखाहून अधिक सिगार जाहीरपणे जाळल्या. दोनेक वर्षांत उत्पादन डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हेन्ड्रिक केल्नर या कारखानदाराकडे गेलं. वेष्टन कनेक्टिकट जातीचं आणि गाभा डॉमिनिकन. क्युबाच्या नावावर ऐट मिरवणारी छाप क्युबाच्या पानाविना तेवढीच महाग विकली गेली आणि गिऱ्हाईक टिकलं.

1992 ते 1997 या काळात अमेरिकेत सिगारची लाट आली. उंची सिगारची वार्षिक आयात दहा कोटींच्या आसपास होती, ती चाळीस कोटींच्या वर गेली. कोवळं, नीट न मुरलेलं पानही तेव्हा विकलं गेलं. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून ती निरुपद्रवी, हा लाडका समजही याच लाटेत पसरला. 1998 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने सिगारवर स्वतंत्र ग्रंथ काढून तो खोडला. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका त्यात नोंदवलेला आहे.

*

एकाच मुलखाच्या पानावर उभी असलेली सिगार किती उघड्यावर असते, हे क्युबाने दोनदा अनुभवलं. 1979-80 मध्ये ‘निळी बुरशी’ या रोगाने पिकावर घाला घातला आणि 1980 चा हंगाम जवळजवळ हातचा गेला. एल कोरोहो या मळ्याच्या नावाने ओळखली जाणारी वेष्टनाची जुनी जात पुढे मागे पडली आणि रोगाला दाद न देणारे संकर आले. ‘हबाना 2000’, ‘क्रियोयो 98’, ‘कोरोहो 99’ ही त्यांची नावं. दुसरा घाव 27 सप्टेंबर 2022 चा. ‘इयान’ चक्रीवादळ पिनार देल रिओवरून गेलं आणि हजारो वाळवणघरं जमीनदोस्त झाली. शेत पुढच्या वर्षी लावता येतं. पण वाळवणघर नसेल तर तोडलेलं पान ठेवायचं कुठे? एस्तेलीतल्या कारखानदाराचं एका देशात बिनसलं तर तो दुसऱ्या देशाच्या गाठी मागवू शकतो, मिश्रणाचं माप बदलू शकतो. हवानाच्या कारखान्याला ही सोय नाही. तिथल्या पेटीवरचा शिक्का शंभर टक्के क्युबाच्या पानाची हमी देतो आणि ती हमी हीच त्याची किंमत आहे.

डिसेंबर 2014 मध्ये ओबामा आणि राउल कास्त्रो यांनी संबंध सुधारण्याची घोषणा केली, तेव्हा सिगारच्या धंद्यात एका जुन्या प्रश्नाला पालवी फुटली. निकाराग्वाचा जोर आणि व्हुएल्ता आबाहोचा सुगंध एका सिगारमध्ये आला तर? प्रवाशांना आधी शंभर डॉलरपर्यंतची क्युबन तंबाखू आणि दारू नेण्याची मुभा मिळाली. ऑक्टोबर 2016 मध्ये वैयक्तिक वापरासाठीची ती मर्यादाही उठली. व्यापारी आयात मात्र बंदच होती आणि सप्टेंबर 2020 मध्ये ट्रम्प सरकारने प्रवाशांची सवलतही काढून घेतली.

निर्बंध उद्या उठला तरी या मिश्रणाच्या वाटेत तांत्रिक पेच आहे. जाड निकाराग्वन लिहेरो आणि क्युबाचं पातळ पान एका गतीने जळत नाही. शिवाय एस्तेलीचं मिरमिरीत पान हवानाचा हळवा सुगंध झाकून टाकू शकतं. म्हणजे एक तर क्युबाचं पान मोठ्या प्रमाणात घालावं लागेल, नाहीतर डच कारखानदारांप्रमाणे सोबतची पानं मवाळ निवडावी लागतील.

आणि मोठ्या प्रमाणात घालायला पान हवं. क्युबाच्या सिगार जगभर विकणाऱ्या हबानोस या कंपनीने 2023 मध्ये 72.1 कोटी डॉलरची विक्री नोंदवली, आधीच्या वर्षापेक्षा सुमारे 31 टक्के जास्त. ही वाढ मुख्यतः किमतीतून आली. 2022 मध्ये ‘कोहिबा’ या क्युबन छापेचे दर अनेक देशांत दुप्पट-तिप्पट झाले होते आणि दुकानांतल्या फळ्या तरीही रिकाम्या होत्या. चीनसारखं नवं, पैसेवालं गिऱ्हाईक आहे त्या पिकातला मोठा वाटा उचलतं. व्हुएल्ता आबाहोतलं वेष्टनाचं चांगलं पान सध्या हवानाच्या स्वतःच्या कारखान्यांनाच पुरत नाही.